बाकावरची कॅप्टन

पायऱ्या उतरताना आपल्याकडं कुणी बघत नाही, अशी शिवांजलीची पक्की खात्री होती.

सकाळचे साडेसहा वाजले होते. सांगलीच्या त्या क्रीडासंकुलावर कृष्णेवरून आलेलं धुकं अजून तसंच बसून होतं. मैदानाच्या पलीकडची बास्केटबॉलची रिंगसुद्धा धड दिसत नव्हती. संघातल्या बाकीच्या पोरी वसतिगृहात वेण्या घालत होत्या. ती एकटीच पुढं आली होती. गॅलरीत वर बसून तिनं बूट बांधले, आणि आता ती खाली येत होती. कठड्याला धरून, डावा पाय आधी, मग त्याच पायरीवर उजवा. लहान मूल उतरतं ना, तशी.

"डावा गुडघा," खालून आवाज आला.

ती जागच्या जागी थांबली. गॅलरीच्या पायथ्याशी एक जण उकिडवा बसून थर्मोकोलच्या पेटीतला बर्फ दगडानं फोडत होता. सावळा, सडपातळ, कान थोडे बाहेर आलेले. खांद्यावर पांढरा अॅप्रन पंच्यासारखा टाकलेला.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी न्हाई." त्यानं बर्फावरची नजर काढली नाही. "दुखतो, का नुसता... निसटल्यासारखा वाटतो?"

निसटल्यासारखा. दोन महिने ती हाच शब्द शोधत होती. नोव्हेंबरात कराडच्या मॅचमध्ये उडी मारून खाली आली, तेव्हा गुडघ्यात काहीतरी खटकन वाजलं होतं. तेव्हापासून कधीमधी पायाखालची जमीन अर्ध्या क्षणासाठी सरकायची. दुखायचं फारसं नाही. नुसतं निसटायचं.

ती तिसऱ्या पायरीवर बसली.

"डॉक्टर आहात?"

"अजून न्हाई. मिरजेला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. स्पर्धेच्या मेडिकल टेबलावर आमची ड्युटी लागलीय. दिग्विजय." मग हात पुसत त्यानं विचारलं, "हात लावू का? बघतो."

तिनं मान हलवली. त्यानं तिचा पाय गुडघ्यात वाकवून पाऊल पायरीवर टेकवलं, दोन्ही हातांनी पोटरी धरली आणि हलकेच पुढं ओढली. एकदा. मग उजव्या पायाची. मग पुन्हा डाव्याची. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठंतरी गेलं.

"कुणाला माहीत हाय हे?"

"तुम्हाला."

"कॅप्टन, आतला लिगामेंट फाटलाय. थोडा का पुरता, ते एमआरआय काढल्याबिगर कळायचं न्हाई. खेळू नका."

त्याला तिचं कॅप्टन असणं कसं कळलं, हे तिच्या लगेच लक्षात आलं नाही. जर्सीवर लिहिलेलंच होतं.

"ऐका," ती खालच्या आवाजात म्हणाली. "अखिल भारतीय विद्यापीठ स्पर्धा आहे. आपल्या विद्यापीठाच्या पोरी इथवर पहिल्यांदा पोचल्यात. माझं हे शेवटचं वर्ष. फायनलला रेल्वेत नोकरीसाठी खेळाडू निवडणारे येणार आहेत... मला सहा दिवस पाहिजेत. फक्त सहा."

"आन् मधीच तुटला तर?"

"सहा दिवसांनी तुटू दे."

तो तिच्याकडं बघत राहिला. त्यानं त्याच वेळी उठून आपल्या सरांना सांगायला हवं होतं, आणि ते त्याला माहीत होतं. पण धुक्यातून पोरींचा हसण्याचा आवाज जवळ येत होता, आणि समोरची मुलगी मागत काहीच नसल्यासारखी ताठ बसली होती. फक्त बांधलेली बुटाची नाडी ती बोटांनी सोडत-बांधत होती.

त्यानं खिशातून पट्टीचं भेंडोळं काढलं.

"पाय सरळ करा," तो म्हणाला.

*

मग रोज सकाळी साडेसहाला ती यायची. गुडघा बांधून व्हायचा आणि दहा-पंधरा मिनिटं उरायची.

साताऱ्याजवळ कोरेगाव तालुक्यातलं तिचं गाव. घरी ऊस, आणि वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नाव नानासो, पण गावात सगळे सुभेदारच म्हणायचे. गावच्या शाळेच्या अंगणात वडाच्या फांदीला लोखंडी कडं त्यांनीच बांधून दिलं होतं, पोरगी नऊ वर्षांची असताना. आता घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती. "नोकरी लागली तर थांबतो, न्हाईतर मग आईचं ऐकायचं," असं वडिलांनी साफ सांगितलं होतं.

"म्हंजे रेल्वे चुकली की वरात," दिग्विजय म्हणाला.

"हसताय काय?"

"हसत न्हाई. पट्टी घट्ट झाली का इचारतोय."

"इचारलं कुठं तुम्ही?"

"आता इचारलं की."

ती हसली. पट्टी खरंच घट्ट झाली होती.

तो आटपाडीच्या पलीकडचा. वडील भाऊसो अजूनही वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला उतरायचे. तोही दहावीपर्यंत सुट्टीत कळपामागं चालला होता.

"तुमी पायऱ्या उतरत होता तवा मी तोंड बघितलंच न्हवतं," तो एकदा सांगू लागला. "आमचा बा कळपामागनं चालतो. मेंढरू लंगडायला लागायच्या आधीच त्याला कळतं, आज हे मागं ऱ्हाणार. मी चालणं बघायला शिकलो ते कॉलेजात न्हाई, तिथंच."

"म्हणजे मी मेंढरू?"

"तसं न्हवं..." त्याचे कान लाल झाले. "मेंढरू गप ऱ्हातं. तुमी कुठं गप ऱ्हाताय?"

"आणि मागं राहिलेल्या मेंढराचं काय करता?"

"बा खांद्यावर घेतो."

 वाऱ्यावर बाजाराकडून हळदीचा वास आला. त्यानं उगाचच पेटीचं झाकण उघडलं, बर्फ आहे का बघितलं, परत लावलं. तिनं केसांचं रबर सोडलं आणि पुन्हा बांधलं.

मॅच सुरू असताना मेडिकल टेबल बाजूच्या रेषेलगत असायचं. शिवांजली बॉल घेऊन पुढं यायची तेव्हा तिला काहीच दिसायचं नाही, फक्त जागा दिसायची, कोण मोकळं आहे, कुठून आत शिरता येईल. पण शिट्टी वाजली, खेळ थांबला, की तिची नजर नकळत त्या टेबलाकडं जायची. तो स्कोअर बघत नसायचा. तिच्या पायाकडं बघत असायचा, आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले असायचे.

पंजाबच्या पोरींना हरवलं. दिल्लीला हरवलं. क्वार्टर फायनलला अख्खी गॅलरी उभी होती. लोकांना आता तिचं नाव माहीत झालं होतं. शिवांजली एवढंच ओरडायचे, आणि ती बॉल आपटायची.

*

सेमी फायनलच्या शेवटच्या तीन मिनिटांत ते झालं.

ती बॉल घेऊन उजवीकडं वळली आणि डावा पाय तिच्याबरोबर वळलाच नाही. ती पडली नाही, तेवढंच नशीब. पुढच्या खेळाडूच्या अंगावर कलली, पंचांनी फाऊल दिला, लोकांना वाटलं धक्का लागला. ती उठली. दोन्ही फ्री थ्रो घातले. मॅच जिंकली. पोरींनी तिला मिठ्या मारल्या. त्या मिठ्यांमध्ये तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो फक्त एकानं बघितला.

संध्याकाळच्या उन्हात, पाण्याच्या टाकीमागं, त्यानं तिला गाठलं.

"आता बास. आज जाऊन तुमच्या कोचना, क्रांती मॅडमना सांगा."

"उद्या फायनल आहे."

"म्हणूनच सांगतोय. आज गुडघ्यानं इशारा दिलाय. उद्या लिगामेंट हाडांमधल्या गादीसकट जाईल. मग खेळायचं सोडा, साठीत बी लंगडत ऱ्हाशीला."

"पाच दिवस गप्प होतात की!"

"चुकलं माझं. पहिल्याच दिशी सांगायला पायजे हुतं." तो टाकीच्या भिंतीकडं बघत म्हणाला. "तुमी रोज सकाळी येताय, हे मला... बरं वाटत हुतं. म्हणून गप बसलो. खरं ते हेच हाय."

दुसरी कुठली वेळ असती तर हे वाक्य ऐकून ती घरी जाईपर्यंत हसली असती. आता तिला त्यातलं एवढंच ऐकू आलं की तो आता गप्प बसणार नाही.

"मला वाटलं तुम्ही माझ्या बाजूचे आहात."

"तुमच्याच बाजूचा हाय."

"मग गप्प राहा!"

"सकाळी आठपर्यंत तुमी सांगा. न्हाईतर मी सांगणार."

ती वळून चालू लागली. मुद्दाम ताठ, मुद्दाम भरभर. मागं बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही.

*

सकाळी साताऱ्याच्या पहिल्या एसटीनं सुभेदार आले. डोक्याला फेटा, हातात भाकरी-ठेच्याचा डबा. ते पोरींना डबा उघडून देत होते, "खावा गं, लाजू नका," म्हणत होते, तेवढ्यात दिग्विजय आला. आठ वाजून गेले होते. त्यानं शिवांजलीकडं एकदा बघितलं. तिनं मान फिरवली.

तो सरळ क्रांती मॅडमपुढं जाऊन उभा राहिला.

"मॅडम, कॅप्टनच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटलाय. मी पहिल्या दिवशी तपासलं हुतं. सांगितलं न्हाई, ती माझी चूक. आज त्यांना खेळवू नका."

पोरींचं खाणं थांबलं. भाकरीचा तुकडा कुणाच्या हातात, कुणाच्या तोंडात.

"शिवांजली?" मॅडम म्हणाल्या.

"खोटं बोलतोय तो." ते शब्द तिच्या तोंडून इतके सहज गेले की तिची तिलाच भीती वाटली. "काय बी झालेलं न्हाई मला. खोटारडा हाय त्यो!"

दिग्विजयच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. त्यानं फक्त खाली बघितलं.

क्रांती मॅडम स्वतः राज्याकडून खेळलेल्या. त्या फार बोलत नसत. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "डाव्या पायावर उडी मार. एकच. पुढं, आणि त्याच पायावर थांब. थांबलीस तर खेळशील."

एवढंच ना. शिवांजली पोरींमधून पुढं आली. उजवा पाय उचलला. डाव्यावर उभी राहिली. एक उडी, आणि मग पुढं अख्खी फायनल, रेल्वेची माणसं, सगळं. तिनं श्वास घेतला, गुडघा वाकवला...

"शिवांजली, नको!"

तो ओरडला आणि दोन्ही हात पुढं करून धावला. पडणारं लेकरू झेलायला माणूस धावतो तसा. ती अजून पडलीही नव्हती, उडीही मारली नव्हती. आणि तो मध्येच, तिच्यापासून हातभर अंतरावर, तसाच थांबला. हात पसरलेले. सगळ्यांसमोर. पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती, आणि त्या हाकेत काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. मॅडमना गेलं, पोरींना गेलं, डबा घेऊन उभ्या असलेल्या सुभेदारांनाही गेलं.

शिवांजलीनं त्याच्या हातांकडं बघितलं. ते अजून तसेच पुढं होते.

तिनं उजवा पाय हळूच खाली टेकवला.

"खरं हाय, मॅडम," ती म्हणाली. "ते सांगतायत ते खरं हाय. मीच खोटं बोलले."

*

दिग्विजयच्या सरांनी त्याला तासाभरात टेबलावरून काढलं. लपवलं ते लपवलंच, त्याला दुसरं नाव नाही, असं म्हणाले. त्यानं अॅप्रन घडी करून दिला.

शिवांजली चेंजिंग रूमच्या बाहेर भिंतीला टेकून बसली होती. सुभेदार येऊन तिच्याशेजारी बसले.  मग त्यांनी वाकून उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला.

त्या पायाला दोन बोटं नव्हती, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. सियाचीनला बर्फानं गेली, एवढंच घरात सांगितलेलं.

"बर्फानं गेली हे अर्धं झालं," ते म्हणाले. "बोटं काळी पडाय लागली तवा मला कळलं हुतं. सांगितलं आस्तं तर खाली पाठवलं आस्तं. माझी पोस्ट सोडायची नव्हती मला, म्हणून मोजा चढवून बसलो. संगं चार जण हुते. चौघांनी बघितलं. जिवाभावाचे, म्हणून कुणी साहेबाला सांगितलं न्हाई."

"अण्णा..."

"आठ दिवस आधी कुणी सांगितलं आस्तं, तर मी त्याला शिव्या घातल्या आस्त्या. पर बोटं ऱ्हायली आस्ती." ते मोजा चढवू लागले. "त्या पोराला तू खोटारडा म्हणालीस. चारचौघांत. ते बरं न्हाई केलंस, पोरी."

आता ती रडली. सहा दिवसांचं, दोन महिन्यांचं. सुभेदार तिच्या डोक्यावर हात ठेवून समोर बघत बसले.

*

फायनलला तिच्या जागी रेश्मा उतरली. शिरवळची, दुसऱ्या वर्षाची. बोलायची इतकी कमी की मॅडमनी हाक मारली तरी मानेनंच उत्तर द्यायची.

"मला जमणार नाही, शिवाताई," ती म्हणाली. तिचे हात गार पडले होते.

शिवांजलीनं ते आपल्या हातांत घेतले. "माझ्याकडं बघ. जमायचं नाही असं वाटलं की माझ्याकडं बघायचं. मी इथंच आहे."

आणि ती बाकावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपल्या संघाची मॅच बाहेरून बघितली. पहिली दहा मिनिटं तिला ते सहनच होत नव्हतं. चेन्नईच्या पोरी उंच होत्या, तयार होत्या. रेश्मा दोनदा बॉल हरवून बसली. पण हळूहळू शिवांजलीला दिसू लागलं. आत असताना जे कधीच दिसलं नव्हतं ते. त्यांची सात नंबरची प्रत्येक वेळी उजवीकडूनच शिरते. त्यांची सेंटर थकली की हात कमरेवर ठेवते.

"रेश्मा! उजवी बाजू बंद कर! सोड तिला डावीकडं!"

रेश्मानं ऐकलं. सात नंबर डावीकडं गेली आणि अडखळली. गॅलरी उसळली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये चौदाचा फरक पाचावर आला, चौथ्यात एकावर. शिवांजलीचा घसा बसला तरी ती ओरडतच होती.

एका टाइमआउटला तिनं मान वर केली. समोरच्या गॅलरीत, सगळ्यात वरच्या पायरीवर, गर्दीतून वेगळा तो उभा होता. साध्या शर्टात. तो आज पायांकडं बघत नव्हता. तिच्याकडं बघत होता. तिनं नजर काढली नाही. त्यानंही नाही. शिट्टी वाजेपर्यंत ते तसेच राहिले.

अठ्ठावन्न-एकसष्ट. तीन गुणांनी हरले. शेवटचा बॉल रेश्मानं टाकला, तो रिंगवर दोनदा आपटून बाहेर पडला.

रेश्मा मैदानातच बसली होती. शिवांजली लंगडत गेली आणि तिला उठवलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळं मनसोक्त लंगडत. बक्षीस समारंभ झाल्यावर रेल्वेचा लोगो असलेल्या जॅकेटमधले एक गृहस्थ संघाकडं आले.

"चार नंबर कोण? तिचं पूर्ण नाव हवंय. आणि फोन नंबर."

चार नंबर रेश्माचा होता; तिनं नुसती मान हलवली. शेवटी शिवांजलीनंच त्यांच्या वहीत ते नाव लिहून दिलं, सुवाच्य अक्षरात. तिला तेव्हा काय वाटलं ते तिनं पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही.

तिनं गॅलरीकडं वळून बघितलं. वरची पायरी रिकामी होती.

*

एमआरआयनं त्याचंच बोलणं खरं ठरवलं. फेब्रुवारीत मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "गादी शाबूत आहे. फायनल खेळली असतीस तर नसती राहिली."

दहाव्या दिवशी ती कुबड्यांवर व्यायामाच्या खोलीशी पोचली, आणि दारात तो उभा. हातात दुसऱ्या कुणाचा तरी कागद. दोघंही थबकले.

"मी तुम्हाला खोटारडा म्हणाले," ती म्हणाली. महिनाभर मनात घोळवलेली लांबलचक माफी, पण एवढंच आलं.

"ऐकलं की मी."

"मग काहीतरी म्हणा."

"बसा आधी. पाय लोंबकळतोय तुमचा."

ती बाकड्यावर बसली. त्यानं कुबड्या भिंतीला लावून ठेवल्या.

"उद्यापासून तुमचा व्यायाम माया मॅडम घेतील," तो म्हणाला. "लय हुशार हायत. सहा महिन्यांत पळवतील."

"तुम्ही का नाही?"

त्यानं हातातल्या कागदाची घडी घातली.

"अजून राग आहे?"

"राग न्हाई." तो खिडकीबाहेर बघू लागला. अंगणात कुणाची तरी चादर वाळत होती. "एकदा चुकलोय मी. पेशंटपाशी पेशंटसारखं वागलो न्हाई. परत तसं करायचं न्हाई. आन् मला तुमच्याशी जे बोलायचंय... ते इलाज करणाऱ्यानं पेशंटशी बोलू नये."

खोलीत कुणीतरी व्यायामाचं चाक फिरवत होतं, त्याची एकसुरी घरघर येत होती.

"काय बोलायचंय?" तिनं विचारलं. अगदी हळू.

"तुमी माझ्याकडं इलाजाला ऱ्हाणार असाल, तर काय न्हाई."

ती आपल्या पट्टीतल्या गुडघ्याकडं बघत राहिली. मग भिंतीला टेकवलेल्या कुबड्या तिनं एकेक करून ओढून घेतल्या, उठली, आणि दाराशी जाऊन मागं वळली.

"माया मॅडम कुठल्या खोलीत बसतात?"

त्याला समजायला क्षणभर वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचे कान आधी लाल झाले.

"शेजारच्या," तो म्हणाला. "डावीकडची... थांबा, मी दार उघडतो."

*

घरी तिनं सांगितलं ते जूनच्या शेवटी. तोवर त्याला विट्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. आई, अंजना, दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. जात वेगळी, मुलूख वेगळा, चालीरीती वेगळ्या. भावकीतल्या लोकांना काय सांगायचं? सुभेदारांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आठवडाभर उसाच्या बांधावर एकटेच फिरले. मग एका शुक्रवारी फेटा बांधला आणि कुणाला काही न सांगता एसटीत बसले.

शनिवारी दुपारी परतले, तोंड उन्हानं रापलेलं. हातपाय धुतले, जेवले. दोघी मायलेकी दारात उभ्या.

"भाऊसो माळावर हुतं, मेंढरांत," ते अखेर बोलले. "चार मैल चालत गेलो. घोंगडं अंथरलं त्यांनी. मी म्हणालो, असं असं हाय, तुमचा पोरगा आन् माझी पोरगी. त्यांनी आधी पाणी दिलं. मग इचारलं, पोरगी लग्नानंतर खेळणार का? मी म्हणालो, ते तिलाच इचारा. तर म्हणालं, मग तिलाच घिऊन या की."

अंजनानं पदर तोंडाला लावला.

"भावकीचं मी बघतो," सुभेदार बायकोकडं बघून म्हणाले. "तू नुसतं एकदा त्या माणसांत बसून बघ. न्हाई पटलं तर मला सांग." मग पोरीकडं न बघताच, "उद्या सकाळी सातची गाडी हाय."

शिवांजलीनं परसात जाऊन फोन लावला. तो शनिवारचा घरी गेलेला असणार हे तिला माहीत होतं.

"उद्या येतोय आम्ही."

"आमी म्हंजे?"

"अण्णा, आई आणि मी."

 पलीकडं भांडं पडल्यासारखा आवाज झाला. बहुतेक फोन कुठंतरी तसाच ठेवून तो पळाला होता. बंद करायचा त्याला सुचलंच नव्हतं. लांबून त्याची हाक ऐकू आली, "आये! अगं आये!" मग धडपडत, अडखळत काहीतरी सांगणं, मधेच मेंढराचं ओरडणं, आणि एका बाईचा घाबरा, आनंदी आवाज.

"उद्याच? अगं बया! घर तरी सारवाया पायजे... कशी हाय रं पोरगी? सांगशील तरी."

शिवांजलीनं फोन कानाशी घट्ट धरला. ऐकू नये हे तिला कळत होतं.

पलीकडं पुन्हा एक मेंढरू ओरडलं. 

"लय खरी हाय, आये," तो म्हणाला.

परसातल्या दगडावर ती हळूच बसली. दोन्ही डोळे भरून आले होते, आणि फोन तिनं अजूनही बंद केला नव्हता.